देवतळ्यावरचा काटा

“काटा? देवतळ्यावर काटा? अगं, त्या कातळावर शेवाळाशिवाय काही उगवत नाही, आणि तुझ्याच पायात बरा काटा गेला!”

चिमाबाई ओरडत होती सुनेवर, पण तोंड होतं गावाकडे. सकाळपासून देवळाच्या पडवीत हाच तंटा पेटला होता. बाहेर श्रावणाची झड लागलेली. आत दाटीवाटीने बसलेली माणसं, ओल्या घोंगड्यांचा कुबट वास, आणि मधोमध खांबाला टेकून, खाली मान घालून बसलेली मैना. चिमाबाईने तिचे दोन्ही पाय ओढून तळवे सगळ्यांना दाखवले. एकावरही काट्याची खूण नव्हती.

“काल उतरताना पठारापर्यंत हिचा डावा पाय लंगडत होता,” बाळकू म्हणाला. “पठार ओलांडलं आणि उजवा लंगडायला लागला. काट्याला एका पायात करमेना वाटतं.”

पडवीत हशा पिकला. हिरू भगत मात्र हसला नाही. “दात काढायची गोष्ट नाही ही,” तो म्हणाला. “देवतळ्याचं पाणी माथ्यावरच्या आईला पोचलं नाही. वाटेतून माघारी आलं. माझ्या आज्याच्या वेळेपासून असं कधी घडलं नाही. कुणी फिरवलं ते ठरल्याशिवाय इथून कुणी उठायचं नाही.”

“ठरायचं काय राहिलंय? हिनेच फिरवलं,” चिमाबाई म्हणाली. “घाला हिला गावाबाहेर. माझ्या घराचा मान धुळीला मिळवला सटवीने.”

मैनेने पाय पदराखाली ओढून घेतले. दाराशी, पाय लांब करून भिंतीला टेकलेली ठकूबाई डोळे मिटून होती. खरं तर सगळं गाव तिच्याच बोलण्याची वाट बघत होतं. डोंगरावर काय घडलं याबद्दल पुढच्या काठीचा शब्द अखेरचा, आणि पुढची काठी तीस वर्षं ठकूबाईच्या हातात होती. काठी जिच्या हातात तिने सगळ्यांच्या पुढे चालायचं, वाट दाखवायची, आणि खाली आल्यावर खरं काय ते सांगायचं. पण कालपासून तिच्या गुडघ्यांत निखारे भरले होते. तिला बोलायचं नव्हतं, ऐकायचं नव्हतं. तिला फक्त घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

आता हा तंटा समजायचा तर आधी तो डोंगर समजला पाहिजे.

गाव होतं डोंगराच्या पोटाशी, चाळीस-पन्नास घरांचं. डोंगरावर दोन तळी. पहिलं पठारावर, गाईतळं. तिथवर करवंदीच्या जाळ्या, गुरांच्या वाटा आणि पाण्यात डुंबत बसलेल्या म्हशी. दुसरं पार वर, कातळाच्या ओंजळीत साचलेलं, देवतळं. तिथे झाड नाही, झुडूप नाही, नुसता काळा दगड आणि काळं पाणी. देवतळ्याच्या पुढे दगडाची अरुंद सोंड, तिच्या दोन्ही अंगांना दरी. सोंड ओलांडली की माथा, आणि माथ्यावर उन्हापावसात उघड्यावर उभी असलेली आई.

हिवाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा मानाच्या सात घरांतून एकेक माणूस निघायचा. कोंबडा आरवला की गाव सोडायचं. देवतळ्यावर तांब्या भरायचा, माथ्यावर आईच्या पायांवर ते पाणी घालायचं आणि गुरं परतायच्या आत घरी यायचं. सगळं एका दिवसात. वर मुक्काम करायचा नाही आणि पाणी माघारी आणायचं नाही. जो पाणी माघारी फिरवील त्याने पुढच्या चढणीपर्यंत गावाच्या शिवेबाहेर राहायचं. आणि सगळ्यांत कडक नेम हा, की डोंगरावर ‘दमलो’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आई कधीपासून उभी आहे, ती एकदाही बसली नाही. मग तिच्या अंगाखांद्यावर चालणाऱ्याने दमायचं कसं? असं गाव म्हणायचं. आईला कुणी विचारलं नव्हतं.

पण शब्द काढला नाही म्हणून छातीतला भाता थांबतो थोडाच? गावाने त्यावर तोडगा काढला होता. ज्याला दम लागे त्याच्या पायात काटा रुतायचा. तो खाली बसायचा, तळवा मांडीवर घ्यायचा, नखाने काहीतरी कोरत राहायचा आणि श्वास जागेवर आला की “निघाला बाबा” म्हणत उठायचा. बाकीचे तोवर तोंड फिरवून उभे राहायचे, कारण पुढच्या चढावर त्यांनाही काटा लागणारच असायचा. त्या डोंगरावर एका दिवसात जितके काटे रुतायचे तितके साऱ्या तालुक्यातल्या बाभळींना नसतील. फक्त एवढं भान ठेवायचं, की काटे करवंदीच्या पट्ट्यातच रुतवून घ्यायचे. वर, उघड्या कातळावर, दुसरं काहीतरी निमित्त शोधायचं.

बाळकू तंबाखू मळायला थांबायचा. चढ जितका उभा, तितका त्याचा तंबाखू जास्त मळावा लागायचा. हिरू भगत चढायचा त्या काळी त्याच्या अंगात यायचं. दर मोठ्या चढाच्या तोंडाशी आई यायची, तो डोळे मिटून जागच्या जागी डोलत राहायचा, आणि आई गेली की घटाघटा पाणी प्यायचा. पुढे आईनेच स्वप्नात येऊन त्याला खाली राहायला सांगितलं. दहा वर्षं झाली, तो खालूनच डोंगराला हात जोडत होता.

निमित्त लागलं नाही ते एकट्या ठकूबाईला.

तिचा नवरा गेला तेव्हा काठी दुसऱ्या घरात जायची होती. बाईच्या हाती काठी नको, असं चार जाणत्यांचं म्हणणं पडलं. ठकूबाईने भिंतीला लावलेली काठी उचलली आणि म्हणाली, “पाय बाईचे की बुवाचे, ते दगडाला कळत नाही. ज्याला पुढे चालायचंय त्याने मला गाठावं.” तिला कुणी गाठलं नाही. त्या वर्षीही नाही आणि नंतरही नाही. ती बसायची नाही, टेकायची नाही, बोलायचीसुद्धा नाही. मागे कुणाला काटा रुतला की मान न वळवता विचारायची, “निघाला का? की कुऱ्हाड आणू?”

लोक तिला भ्यायचे, आणि तिला ते आवडायचं. घरात माणूस नव्हतं. एकच लेक, ती लांब दिलेली. ठकूबाईजवळ आपलं म्हणावं असं जे काही होतं ते एवढंच, की वर्षातून तीनदा साऱ्या गावाने तिच्या पाठीमागून चालायचं.

मग मागच्या हिवाळ्यात मैना आली. चिमाबाईच्या घरची नवी सून. तिचा नवरा धरणाच्या कामावर लांब होता, म्हणून घराच्या मानाला चिमाबाईने तिला धाडलं. नवी म्हणून तिला ठकूबाईच्या लगेच मागे चालायला सांगितलं होतं. त्या दिवशी गवतावर दव इतकं पडलं होतं की पठार येईपर्यंत पावलं बधिर झाली. देवतळ्याचं पाणी तर असं गार, की तांब्या बुडवताना बोटं आपली वाटेनात. वर जाताना काही झालं नाही. माथा झाला, पाणी घातलं, आई तशीच उभी. उतरताना मात्र ठकूबाईच्या उजव्या गुडघ्यात कट् करून काहीतरी वाजलं, आणि तिथून खाली प्रत्येक पावलाला वाजत राहिलं.

“आजे, जरा सावकाश जाऊ या का?” मागून मैना म्हणाली.

“का? तुला झेपत नाही?”

“नाही झेपत,” मैना म्हणाली. “मलाच नाही झेपत.”

तिचा श्वास तर शांत होता. ठकूबाईला ते कळलं आणि ती फणकारली. “माझ्या टाचांकडे बघत चालू नकोस. वाटेकडे बघ.”

“मागून चालणाऱ्याला टाचाच दिसतात, आजे,” मैना म्हणाली.

ठकूबाईने दोष थंडीला दिला. आठ दिवस वाळूच्या पुरचुंडीने गुडघे शेकले, कुणी दारात आलं की पुरचुंडी चुलीमागे सरकवली.

उन्हाळ्याची चढण आली. दगड असे तापलेले की तळवे टेकवत नव्हते. पठारावर पोचता पोचता ठकूबाईच्या डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. गाईतळ्याचा तळ उघडा पडला होता, चिखलाच्या भाकरीसारख्या खपल्या निघाल्या होत्या, मधोमध म्हशी बसतील एवढंच पाणी. ठकूबाई काठावर थांबली.

“पाणी किती आटलंय ते बघते,” ती म्हणाली.

तीस वर्षांत तिने हे तळं चालता चालताच बघितलं होतं. त्या दिवशी ती बघतच राहिली. आटलेलं पाणी, भेगा, एक बगळा, परत पाणी. मागे सहा माणसं उभी. तिला ठाऊक होतं की हा आपला पहिला काटा. आणि तेवढ्यात मैना शेजारी येऊन टेकली व म्हणाली, “खूपच आटलंय हो, आजे. नीट बघायलाच हवं.”

ठकूबाईला गुडघ्यांपेक्षा त्या बोलण्याचा राग जास्त आला. कुणी कणव करावी हे तिला कधी मानवलं नव्हतं. ती ताडकन उठली आणि माथ्यापर्यंत एका दमात गेली. पण घरी परतल्यावर उंबरा ओलांडायला तिला चौकट धरावी लागली. चौकट धरून तिने आधी मागे वळून पाहिलं, कुणाच्या नजरेला तर पडलं नाही ना.

तेव्हाच काठी खाली ठेवायची होती. हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण बाळकू टपून होता. विहिरीवर भेटला की म्हणायचा, “मावशे, काठी जड होत असली तर सांग हो. माझा हात मोकळाच आहे.”

“तुझ्या हातात तंबाखू असतो. मोकळा कुठला?” ती म्हणायची, आणि घरी येऊन बराच वेळ बसून राहायची. काठी दिली की लोक म्हणणार, बाईच ती शेवटी. तीस वर्षं ज्यांची तोंडं बंद ठेवली, ती सगळी एका दिवसात उघडणार. मग या गावात उरलेली एक म्हातारी, दारात बसून डोंगराकडे बघणारी. त्यापेक्षा गुडघे गेलेले परवडले.

आणि मग काल पावसाळ्याची चढण.

पहाटेपासून धुकं असं, की पुढच्याला मागचा दिसत नव्हता. इरल्यांवर पाऊस ताशा वाजवत होता. करवंदीच्या पट्ट्यात नेहमीसारखे काटे रुतले, कुणाला दोन, कुणाला तीन. बाळकूने पठारावर आणि कातळावर मिळून चार वेळा तंबाखू मळला. ठकूबाई थांबली नाही. तिच्याने आता थांबवतच नव्हतं, कारण एकदा थांबलं की पाय परत उचलेल याचा भरवसा नव्हता. ती मनाशी नुसती पावलं म्हणत होती. हे एक, आता हे एक, आता हे एक.

देवतळं तुडुंब भरून कडेने वाहत होतं. तिने तांब्या भरला, पदराने त्याचं तोंड झाकलं आणि सोंडेशी आली. सोंडेच्या दोन्ही बाजूंनी धुकं वर उकळत होतं, खाली दरी आहे हे फक्त वाऱ्याच्या आवाजावरून कळत होतं. ठकूबाईने काठी टेकली. उजवं पाऊल सोंडेवर ठेवलं आणि त्यावर भार दिला.

पाऊल तिचं राहिलं नाही. गुडघ्याखाली काही आहे की नाही तेच तिला कळेना. तिने भार मागे घेतला, आणि ती तशीच उभी राहिली, एक पाय सोंडेवर, एक तळ्याच्या काठावर.

अकरा वर्षांपूर्वी इथूनच तिचा धाकटा दीर, दुसऱ्या एका मानाच्या घरी दत्तक दिलेला नवसू, गेला होता. असाच पाऊस होता. त्या दिवशी नवसूला पठारापर्यंत पाच काटे रुतले होते, आणि पाचही वेळा ठकूबाईने कुऱ्हाडीचं विचारलं होतं. सहाव्यांदा तो बसला नाही. लाजेने बसला नाही. सोंडेच्या मध्यावर त्याचा पाय सरकला. गाव म्हणालं, आईने नेला. ठकूबाईनेही तेच म्हटलं, कारण दुसरं काही म्हटलं असतं तर तिला झोप लागली नसती.

आता पुढे गेलं तर आपण पडणार हे तिला स्वच्छ दिसत होतं. आपल्या मागे मैना आहे, ती धरायला धावणार, आणि आपल्याबरोबर तीही जाणार, हेही दिसत होतं. माघारी फिरायचं तर एक शब्द बोलावा लागणार होता. तीनच अक्षरांचं काम. तिने तोंड उघडलं. पाऊस तोंडात गेला, शब्द बाहेर आला नाही. मागे सहा माणसं उभी होती आणि त्यातला एक बाळकू होता.

तेवढ्यात मागून आवाज आला. “आई गं!”

मैना खाली बसली होती. दोन्ही हातांनी पाय धरून. “काटा रुतला, आजे. खोल गेलाय. मला पुढे चालवायचं नाही.”

“काटा?” बाळकू म्हणाला. “हितं?”

ठकूबाईने वळून पाहिलं. मैनाही वर बघत होती, एकदाच, सरळ तिच्या डोळ्यांत. त्या नजरेत लबाडी नव्हती. तिला म्हणायचं होतं ते एवढंच, की चला आता.

आणि ठकूबाईचा आवाज परत आला. नेहमीचा, करडा. “पाय जखमी झालेलं माणूस घेऊन सोंडेवर जायचं नाही. माघारी फिरा.” तांब्यातलं पाणी तिने देवतळ्यात परत ओतलं. कुणी वाद घातला नाही. पुढच्या काठीशी डोंगरावर वाद घालायचा नसतो. मैना गावापर्यंत लंगडत आली, मध्येच पाय बदलून, कारण लबाडीची तिला सवय नव्हती. ठकूबाईने ते पाहिलं. वेशीपाशी लोक जमले, कुजबुज झाली, चिमाबाईने तिथेच सुनेच्या पाठीत धपाटा घातला. ठकूबाईने तेही पाहिलं आणि ती घरी गेली.

तर असा तो तंटा, आणि अशी ती पडवी. बोलून बोलून सगळ्यांचे घसे बसले होते, पाऊस काही थांबत नव्हता.

“पुढच्या काठीने सांगावं,” हिरू भगत शेवटी म्हणाला. “ठकूबाई, देवतळ्यावर पहिलं कोण बसलं?”

प्रश्न सरळ होता. उत्तरही सरळ होतं. खोटं बोलायची गरजच नव्हती.

“मैना,” ठकूबाई म्हणाली. “पहिली बसली ती मैना.”

चिमाबाईने कपाळावर हात मारून घेतला. “ऐकलंत? ऐकलंत सगळ्यांनी? ऊठ गं. बोचकं बांध. झड उघडली की चालती हो तुझ्या भावाकडे.”

मैनेच्या माहेरी आई नव्हती. भाऊ होता, आणि घर भावजयीचं होतं. डोंगराचं पाणी फिरवलं म्हणून गावाने हाकललेली नणंद, अशी ओळख घेऊन तिला हिवाळ्यापर्यंत त्या दारात तुकडा मोडायचा होता. नवरा परत आल्यावर सासूचं ऐकणार की तिचं, तेही कुणाला माहीत नव्हतं. हे सगळं तिच्या तोंडावर दिसत होतं. तरी तिने पदर खोचला आणि उठून उभी राहिली.

संपलं, असं ठकूबाईला वाटलं. काठी राहिली, शब्द राहिला, आणि शब्दात एक अक्षर खोटं नव्हतं. आता घरी जायचं. ती भिंतीला धरून उठली आणि पडवीच्या पायरीवर तिने पाय टाकला. पायरी ओली होती. गुडघा पुन्हा कालच्यासारखाच गळून गेला.

ती पडली नाही. कुणीतरी तिच्या कोपराखाली हात घातला होता.

“हळू, आजे,” मैना कानाशी म्हणाली. “शेवाळ आहे.” आणि धरता धरता ती अशी सरकली, की ठकूबाईचा थरथरणारा पाय आणि पडवीतली माणसं यांच्या मध्ये ती स्वतः आली. कुणाला काही दिसू नये म्हणून. जिला आत्ता या म्हातारीने गावाबाहेर घातलं होतं, ती त्या म्हातारीची लाज अजून झाकत होती.

ठकूबाईला राग आला. असा राग तिला आयुष्यात आला नव्हता, कारण या वेळी तो काढायला समोर कुणीच नव्हतं. तिने मैनेचा हात बाजूला केला, पण सोडला नाही, आणि ती परत फिरली.

“भगता, तू अर्धंच विचारलंस.”

“काय अर्धं?”

“पहिलं कोण बसलं ते विचारलंस. पहिलं कोण थांबलं ते विचार.”

भगताच्या विचारण्याची तिने वाट बघितली नाही.

“पहिली थांबले मी. सोंडेवर पाय टाकला आणि तो उचलेना. पुढे जाववेना, आणि मागे फिरा म्हणायला जीभ रेटेना. ही माझ्या मागे होती. हिने माझी टाच बघितली आणि खाली बसली. काटा हिचा खोटा असेल, पण माघारी फिरा म्हटलं ते मी. हिने कधी म्हटलं?”

“ठकूबाई, समजून उमजून बोल,” हिरू भगताचा आवाज खाली आला. “मग नेमाप्रमाणे शिवेबाहेर तुला...”

“नेम मला सांगू नकोस. तीस वर्षं मीच सगळ्यांना सांगत आले. आणि तुला डोंगरावर आई का यायची आणि घरात का येत नाही, तेही मला माहीत आहे.”

भगताने घोंगडी खांद्यावर नीट केली. बराच वेळ नीट करत राहिला.

कोपऱ्यातून बाळकू खाकरला. आता हा टोमणा मारणार म्हणून लोकांनी माना वळवल्या. तो जमिनीकडे बघत होता. “माझा तंबाखू चैत्रापासून बंद आहे,” तो म्हणाला. “वैद्याने सोडायला लावला. काल चार वेळा मी नुसता तळहात मळला.”

कुणी हसलं नाही. दोघं-तिघं आपापल्या तळव्यांकडे बघायला लागले.

चिमाबाई मात्र अजून निवली नव्हती. तिचाही सकाळपासून जीव शिणला होता, पण शिणलेलं माणूस ऐकतं कुठे? “तुझं तू बघायचंस ना, ठकू!” ती म्हणाली. “पाय तुझा, काठी तुझी, मान तुझा. मध्ये माझ्या सुनेने का बसायचं? मेलीला काय पडलं होतं? नाव माझ्या घराचं गेलं ना!”

ठकूबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. तिने मैनेकडे पाहिलं, मग चिमाबाईकडे. ती जे बोलली त्यानंतर पडवीत नेमाचं नाव कुणी काढलं नाही, आणि मैना काय, ठकूबाई काय, गावाबाहेरही कुणी गेलं नाही. या गोष्टीचं तात्पर्य म्हणून तेच पुरे:

“दमले होते मी, चिमे, आणि माणूस आपलं दमणं आपल्या तोंडाने कबूल करत नाही, तेव्हा ते दुसऱ्या कुणाला तरी आपल्या डोक्यावर घेऊन उतरावं लागतं.”